आमदारांकडे नेमकं काय मागायचं? सांगली-मिरज-कुपवाडच्या लहान उद्योगांचं निवेदन

कुपवाडचा_टर्नर

नमस्कार मंडळी. अधिवेशनाआधी आमच्या भागातले शेडवाले, म्हणजे लहान वर्कशॉपवाले, मिळून जिल्ह्यातल्या आमदारांना निवेदन देणार आहोत. विधानसभेच्या आठही मतदारसंघांच्या आमदारांना द्यायचं. पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या आमदारांनाही द्यायचं, कारण सांगली त्यांच्याकडेही येते. निवेदनाचा कच्चा मसुदा वाचला. त्यात मागण्या अशा: अनुदान वाढवा, नवी एमआयडीसी द्या, व्याजात सवलत द्या. मागण्या चुकीच्या नाहीत, पण यातल्या सगळ्या मान्य झाल्या तरी माझ्या शेडमध्ये माणूस वाढत नाही. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर आले तर वाढतो. ही मागणी सगळ्यात वर असावी असं माझं म्हणणं आहे.

माझं काम पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या पार्टचं मशीनिंग. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पार्टीकडून (काम देणाऱ्या कंपनीकडून) येतं, आम्ही टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग करून चलानवर परत पाठवतो आणि बिल लावतो. बिल लागलं की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. पगार वेळेवर, लाईटबिल वेळेवर, मशीनच्या कापायच्या टिपा देणारा इन्सर्टवाला तर रोखीशिवाय देतच नाही. आणि पार्टीचं पेमेंट येतं नव्वद दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. मधला सगळा काळ बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचल) खात्यावर काढायचा आणि बँकेला व्याज भरत राहायचं. दुसऱ्या शिफ्टचं काम आज माझ्याकडं आहे. सीएनसी मशीन रात्रभर बंद असतं. एक ऑपरेटर आणि एक हेल्पर लगेच घेता येतील, पण पहिले तीन महिने त्यांचा पगार कुठून काढू? सीसीची लिमिट आधीच भरलेली.

कायदा नाही असं नाही. एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सालचा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली की ठरल्या तारखेला पैसे द्यायचे. करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार या कायद्याखाली राज्य सरकार नेमतं त्या सुविधा परिषदेकडे करायची आणि परिषदेनं ९० दिवसांत निकाल द्यायचा. त्या निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर देणेकऱ्यानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची.

इतका चांगला कायदा हाताशी असताना तो आपल्यापर्यंत का पोचत नाही, हे आमदारांना विचारायचं आहे. कलम २० प्रमाणे राज्य सरकार एक किंवा जास्त परिषदा नेमू शकतं. कलम २१ प्रमाणे तीन ते पाच सभासद पुरतात. यासाठी संसदेत नवा कायदा नको. राज्य सरकारनं अधिसूचना काढली की झालं. सांगली-सातारा-कोल्हापूरसाठी जवळ बसणारी आणि नेमानं सुनावणी घेणारी परिषद द्या, एवढी एकच गोष्ट लावून धरू या. तुमचं मत सांगा.

हिशेबनीस

टर्नर, मुद्दा पक्का आहे. लहान युनिटांचे हिशेब बघतो म्हणून थोडी भर घालतो.

पहिलं म्हणजे उद्यम नोंदणी (सरकारकडे लहान उद्योग म्हणून होते ती) माल द्यायच्या आधीची हवी. माल देऊन झाल्यावर, पैसे अडकल्यावर नोंदणी केली तर जुन्या बिलांना संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथंच अडकतात.

दुसरं, आयकर. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. ४५ दिवसांत लघु उद्योगाचं बिल भागवलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. याचा परिणाम दिसला. मार्चअखेर बरीच जुनी येणी एकदम सुटली. पण एप्रिल ते डिसेंबरमध्ये पुन्हा पहिल्यासारखंच, कारण खरेदीदाराला ३१ मार्चचा ताळेबंद तेवढा सांभाळायचा असतो.

आणि जीएसटीत वेगळाच हिशेब. तिथं पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदारानं घेतलेलं क्रेडिट, म्हणजे त्या बिलातल्या कराची वजावट, परत करायचं. एक कायदा ४५ म्हणतो, दुसरा १८० पर्यंत थांबतो. लहान उद्योगाच्या बिलासाठी तिथंही ४५ दिवस करा, अशी मागणी राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत जीएसटी परिषदेत जाऊ शकते. आमदारांनी तो आग्रह अर्थमंत्र्यांकडे धरावा.

जुना_फाउंड्रीवाला

पोरांनो, कायदा सगळा बरोबर सांगताय, पण मुळावर या. तक्रार करणार कोण? माझ्या उभ्या आयुष्यात दोनच मोठ्या पार्ट्या. त्यातल्या एकीवर केस टाकली तर पैसे मिळतील, पण ऑर्डर दुसऱ्या दिवशी बंद. साच्याचे पॅटर्न त्यांचे, ड्रॉइंग त्यांचं, माल दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही. माझ्या ओळखीत एकानं परिषदेकडे अर्ज केला तो कारखाना बंद करायचं ठरवल्यावर. काम चालू असताना कुणी करत नाही. परिषद माझ्या दारात आणून बसवलीत तरी मी पायरी चढायला दहादा विचार करीन.

कुपवाडचा_टर्नर

काका, हे अगदी खरं आहे. मीही आजवर अर्ज केला नाही त्याचं कारण हेच. मग मार्ग काय? तुम्हीच सांगा.

जुना_फाउंड्रीवाला

ज्याचे पैसे अडकलेत त्याला पुढं करू नका. सरकारनं स्वतः बघावं. लेखापरीक्षण होणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराला आपल्या ताळेबंदात लघु उद्योगांची थकबाकी दाखवावी लागते, असं माझा सीए सांगतो. माहिती तिथं पडूनच असते, ती उचलून कारवाई का होत नाही?

हिशेबनीस

बरोबर, ते एमएसएमईडी कायद्याचं कलम २२. शिवाय ४५ दिवसांवर देणी थकवणाऱ्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ नावाचं विवरण कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं. कुणाचे किती आणि का थकले, हे कंपनी स्वतः लिहून देते. पुरवठादारानं तोंड उघडायची गरजच नाही. काकांच्या मुद्द्यावरून मागणी अशी होऊ शकते: जी कंपनी राज्याच्या उद्योग धोरणातून प्रोत्साहन घेते, एसजीएसटीचा (राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा) परतावा घेते, वीज शुल्कात माफी घेते, तिनं लहान पुरवठादारांची थकबाकी नसल्याचं लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र दरवर्षी द्यावं. नाही दिलं तर त्या वर्षाचं प्रोत्साहन थांबवावं. हे संपूर्ण राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि मोठ्या कारखान्याला याचीच झळ सगळ्यात आधी बसते.

कुपवाडचा_टर्नर

ही मागणी परिषदेच्याही आधी घालतो. काकांमुळे सुचली.

वाळवा_कंत्राटदार

खासगी पार्टीचं सोडा, सरकारच वेळेवर देत नाही त्याचं काय? जलजीवन मिशनची कामं घेतलेल्या लहान कंत्राटदारांची बिलं थकली आणि २०२५ मध्ये राज्यभर आंदोलनं झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. पाईप, सिमेंट, मजुरी आम्ही आधी घातली. मजुराला आठवड्याच्या बाजारादिवशी पैसे लागतात, निधी आला नाही हे त्याला सांगता येत नाही. दागिने गहाण पडले आमच्याकडं. आणि पुन्हा बांधकामाचं कंत्राट या ४५ दिवसांच्या कायद्यात बसतं की नाही यावर कोर्टात वाद. पुरवठादाराला निदान परिषद तरी आहे, आम्हाला ती पण धड नाही.

आमदारांनी खरं तर इथं बोलावं. अर्थसंकल्प त्यांच्यासमोर मांडला जातो, पुरवणी मागण्या तेच मंजूर करतात. नवीन कामांची यादी मंजूर करताना जुन्या कामांची किती बिलं बाकी आहेत हा तक्ता सोबत जोडा म्हणावं. आधी जुनं द्या, मग नवा नारळ फोडा.

कुपवाडचा_टर्नर

घालतो. वाईट वाटलं वाचून. जिल्हा नियोजन समितीतही हा तक्ता मागता येईल, तिथं आपले आमदार असतात आणि पालकमंत्री अध्यक्ष.

विट्याचा_माग

पेमेंटचं सगळं मान्य, पण विट्यात येऊन बघा, आमचा प्रश्न वीज आहे. यंत्रमागावर सूत आमचं नसतंच बऱ्याचदा. व्यापारी सूत देतो, आम्ही मजुरीवर विणून कापड देतो. मजुरी मीटरला पैशांत मोजायची आणि त्यातला मोठा वाटा विजेत जातो. शेजारच्या राज्यांत वीज स्वस्त असली की कापड तिकडचं खपतं. एका पिढीनं गलाईसाठी गाव सोडलं, सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. आता मागवाल्याची पोरं पण निघालीत.

हिशेबनीस

विटेकर, एक फरक ध्यानात घ्या, नाहीतर निवेदनाला तोंडदेखलं उत्तर मिळेल. वीजदर वीज नियामक आयोग ठरवतो, आमदार नाही. आमदारांनी दर कमी करा म्हटलं की ऊर्जा खातं आयोगाकडे बोट दाखवतं. पण दोन गोष्टी थेट विधिमंडळाच्या आहेत. एक, वीज शुल्क. ते राज्याच्या २०१६ च्या वीज शुल्क कायद्याप्रमाणे बिलावर लागतं, तिथं सवलत देणं सरकारच्याच हातात. दुसरं, अनुदान. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की राज्याला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम सरकारनं वितरण कंपनीला आगाऊ भरायची. म्हणजे अर्थसंकल्पात तरतूद दिसली पाहिजे. घोषणा झाली आणि तरतूद नाही, तर बिलात सवलत येणार नाही. मागताना तरतुदीचा आकडा मागा.

आणि आयोगाच्या दरवाढीच्या जाहीर सुनावणीला कुणीतरी जा. हरकती लेखी देता येतात.

आयटीआय_फिटर

मी कामगार आहे. धागा वाचला. सगळे मालक बोलताय म्हणून लिहितो, राग मानू नका.

तुम्हाला नव्वद दिवस पैसे येत नाहीत हे कळतं, कारण मग आमचा पगार पंधरा तारखेवर जातो. पण पैसे वेळेवर आले तर आमचं काय बदलेल हे कुणी लिहिलं नाही. माझ्याबरोबर पास झालेल्यातले बहुतेक पुण्याला चाकणला गेले. तिथं खोलीभाडं देऊन हातात इथल्याएवढंच उरतं, तरी जातात. का? तिथं पीएफ कापतो, ईएसआय (कामगार विमा, त्यावर उपचार मिळतात) कार्ड असतं. इथं दहा माणसं झाली की ईएसआय लागतो, वीस झाली की पीएफ लागतो, म्हणून काही शेडवाले नऊवर नाहीतर एकोणीसवर थांबतात, किंवा दोन नावांनी दोन शेड काढतात. आई आजारी पडल्यावर ईएसआय नसल्याचं काय होतं ते मी बघितलंय. निवेदनात रोजगार हा शब्द लिहिणार असाल तर हे पण लिहा.

सुगरण_माधवनगर

फिटरभाऊ, बरं केलंत लिहिलंत.

कुपवाडचा_टर्नर

राग कसला. तुमचं म्हणणं खरं आहे. मी मोजकीच माणसं ठेवून आहे आणि ईएसआय लावलेला नाही, कारण कायद्यानं लागत नाही. स्वखुशीनं पीएफची नोंदणी करता येते हे माहीत आहे. पण मालकाचा वाटा आणि दरमहाचं चलान, हे दोन्ही येण्याच्या भरवशावर नियमित करणं जमत नव्हतं. चलान चुकलं की दंड. इथंही मूळ तेच आहे, पण तुमचा मुद्दा त्याच्या आड लपवणार नाही, वेगळा लिहीन.

हिशेबनीस

केंद्राची १ ऑगस्ट २०२५ पासूनची विकसित भारत रोजगार योजना आहे. ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेनं किमान दोन माणसं वाढवली आणि टिकवली तर वाढीव माणसामागे मालकाला महिना ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या कामगारालाही १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. सगळं पीएफच्या नोंदीवर चालतं. म्हणजे जो आधीच नोंदणीत आहे त्याला फायदा, आणि ज्याला हात द्यायला हवा तो उंबऱ्याबाहेर. राज्यानं वीसच्या आतल्या युनिटांना पीएफ-ईएसआयमध्ये यायला पहिली काही वर्षं मालकाच्या वाट्यात मदत केली, तर माणसं नऊवर अडवून ठेवायचं कारणच राहणार नाही. मला वाटतं नव्या भांडवली अनुदानापेक्षा हा पैसा जास्त कामाला येईल.

मिरज_तंतुवाद्य

आमचं काम वेगळं आहे, पण लिहितो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. पण मानांकनामुळे पोरगं धंद्यात राहत नाही. सतार करायला महिने जातात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, दांडी जुळवायची, मग पडदे बांधायचे आणि शेवटी जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद आणायचा. जवारी काढायला शिकायचं म्हणजे आधी ऐकायला शिकायचं, त्याला काही वर्षं लागतात. त्या वर्षांत शिकणाऱ्या पोराला कोण पोसणार?

२०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, खेळणी करणारे, सगळे आहेत. वाद्य करणारे त्यात नाहीत. पाच टक्के व्याजाचं कर्ज, अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात भत्ता, यातलं काही आम्हाला वाद्य कारागीर म्हणून मिळत नाही. सुतार म्हणून अर्ज करा असं सुचवतात. आमचं काम सुतारकाम नाही. खासदारांनी हा एकोणिसावा व्यवसाय घालून घ्यावा, आणि तोवर राज्यानं शिकाऊ पोराला विद्यावेतन द्यावं. फार मोठी रक्कम लागणार नाही, घरं तरी किती आहेत आमची.

कुपवाडचा_टर्नर

दादा, हे खासदारांच्या वेगळ्या पत्रात घालू. राज्याच्या निवेदनात विद्यावेतनाचा मुद्दा घेतो.

सुगरण_माधवनगर

आमचा बचत गट आहे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, हळद. अन्नपरवान्याचं काम सोपं झालंय, उलाढाल लहान असेल तर नुसती नोंदणी पुरते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानही आहे. योजना कमी नाहीत हे टर्नरभाऊंचं म्हणणं मला पटतं.

आम्हाला वर्षातून एकदा प्रदर्शनात टेबल मिळतं. तीन दिवस विक्री होते, फोटो निघतात. उरलेलं वर्ष? माझं मागणं एवढंच की सरकारी कार्यालयं, वसतिगृहं, अंगणवाड्या जे खाद्यपदार्थ घेतात त्यातला ठरावीक हिस्सा जिल्ह्यातल्या गटांकडून घ्या. केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना २०१८ पासून २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायचं बंधन आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. तसंच इथल्या नगरपालिका, झेडपीला लागू करा. आणि निविदेत मागच्या तीन वर्षांची मोठी उलाढाल दाखवा ही अट असते ती आमच्यासारख्यांना काढा, नाहीतर हिस्सा असून नसल्यासारखा. एका ठिकाणी आम्ही माल दिला, चव पसंत पडली, पुढच्या वर्षी निविदा निघाली तेव्हा त्या अटीमुळे अर्जच भरता आला नाही.

आणि हो, पैसे महिन्याच्या आत. शेंगदाणा उधार मिळत नाही.

बेदाणा_तासगाव

ताई, आमच्यातही तेच. सौद्यात बेदाणा विकला जातो, पण पैसे येईपर्यंत शेतकरी आणि अडत्या दोघं अडकतात. हा ४५ दिवसांचा कायदा आम्हाला लागतो का?

हिशेबनीस

बहुतेक नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यांना नाही. शेतकरी शेतमाल विकतो तोही यात येत नाही. तुमचा मार्ग बाजार समितीच्या कायद्यातून जातो. त्यात विक्रीनंतरच्या पेमेंटचे नियम आहेत. ते पाळले जातात का, हा पणन खात्याला विचारायचा प्रश्न. पण बेदाणा निवडून, प्रतवारी करून, पॅकिंग करणारं युनिट असेल तर प्रकरण वेगळं, त्याची कागदं घेऊन या.

जुना_फाउंड्रीवाला

टर्नर, एक सांगतो. निवेदन देताना फोटो काढून मोकळं होऊ नका. आमदार निवेदन घेतात, स्वीय सहायकाकडे देतात, ते गठ्ठ्यात जातं. त्यांच्या हातात तयार प्रश्न द्या. त्यांनाही सोपं जातं.

कुपवाडचा_टर्नर

काका, तसंच करतो. तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मसुदा असा केलाय, बघा:

"सन्माननीय उद्योगमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांतील सूक्ष्म व लघु उद्योगांची विलंबित देयकांबाबतची किती प्रकरणे सुविधा परिषदेकडे प्रलंबित आहेत, (२) एमएसएमईडी अधिनियमाच्या कलम २० अन्वये या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र परिषद स्थापन करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) शासनाची प्रोत्साहने घेणाऱ्या उद्योगांना लघु पुरवठादारांची देयके ४५ दिवसांत अदा करण्याची अट घालण्याचा निर्णय शासन घेणार आहे काय?"

हिशेबनीस

चांगला आहे. पहिल्या भागात फक्त प्रलंबित किती एवढं विचारलं तर एक आकडा देऊन मोकळे होतील. त्यातली ९० दिवसांच्या वरची किती, निकाल लागलेल्यांपैकी प्रत्यक्ष वसुली किती प्रकरणांत झाली, हेही विचारा. वसुलीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे प्रकरण गेलं की ते तिथं किती दिवस राहतं, हे लोकांना सगळ्यात जास्त छळतं. आणि तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, तेव्हा या आठवड्यातच आमदारांकडे पोचवा. उशीर झाला तर मग आमदारांना लक्षवेधी सूचना मांडायला सांगा.

वाळवा_कंत्राटदार

सरकारी बिलांचा वेगळा प्रश्न करा, यात मिसळू नका. तो अर्थ आणि पाणीपुरवठा खात्याकडे जाईल. मसुदा मी लिहून टाकतो उद्या, इथंच.

आयटीआय_फिटर

पीएफ-ईएसआयचा मुद्दा प्रश्नात दिसला नाही.

कुपवाडचा_टर्नर

तो कामगार खात्याला जाईल, उद्योगमंत्र्यांच्या प्रश्नात घेतला तर खातं वेगळं म्हणून वगळतील. तुम्ही आणि मी मिळून लिहू. रविवारी सकाळी शेडवर या, हिशेबनीस पण येतायत. वीसच्या आतल्या युनिटला मालकाच्या वाट्यात किती मदत लागेल त्याचा हिशेब माझ्याच पगारपत्रकावर मांडू, तो निवेदनाला जोडता येईल.